गुंडूचा शब्द

"या वेळी आपला गुंडू तोतरा आहे," खासनीस सर म्हणाले आणि स्क्रिप्टचे कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवले. "वाचून बघा, उज्ज्वलाबाई. तुमच्या आवाजात तर धमाल येईल."

मी उभ्याउभ्याच वाचायला लागले. गुंडू म्हणजे बेडूक. हिरव्या मखमलीचा, पिंगपाँगच्या चेंडूचे डोळे लावलेला. शाळांसाठी टीव्हीवर लागणाऱ्या आमच्या कार्यक्रमात तो आणि मैनाताई अशा दोन हातबाहुल्या होत्या. टेबलामागे बसून दोन्ही बाहुल्या लता परब नाचवायची आणि मैनाताईचा आवाजही तीच द्यायची. गुंडूचा आवाज माझा. एकोणनव्वद सालची ही गोष्ट. पुण्यात आमचा छोटासा स्टुडिओ होता आणि खासनीस सर लेखक, निर्माते, वेळ पडली तर चहावालेही होते.

मैनाताई जत्रेला निघते आणि विचारते, गुंडू, तुला काय आणू? गुंडू म्हणतो, प-प-प-पतंग. मैनाताई म्हणते, अशी घाई करू नये, सावकाश बोल बरं. गुंडू पुन्हा अडखळतो, मैनाताई पुन्हा समजावते. शेवटी गुंडू लांब श्वास घेतो आणि खणखणीत 'पतंग' म्हणतो. सगळे टाळ्या वाजवतात. मग गाणं, प्रयत्न केला की सारं काही जमतं अशा अर्थाचं.

"चांगलंय ना?" सरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "चांगलंय."

कागद घडी करून पर्समध्ये टाकले आणि बसस्टॉपवर उभी राहिले. बस आली तशी गेली, मी चढलेच नाही. दुसरी आली तेव्हा कंडक्टर ओरडला म्हणून भानावर आले.

माझा मुलगा पुष्कर तेव्हा दुसरीत होता आणि तोतरा होता.

स्टुडिओत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विषय निघाला नव्हता आणि मी काढला नव्हता. पुष्कर बोलायला लागला की एखाद्या अक्षरापाशी थबकायचा. ओठ घट्ट मिटायचे, मान ताठ व्हायची, उजवा पाय जमिनीवर आपटायला लागायचा. मला ते बघवायचं नाही. मग मी त्याचा शब्द पुरा करायची. दुकानात, डॉक्टरांकडे, पाहुण्यांसमोर. त्याचं नाव विचारलं तरी मीच सांगायची. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचे ओठ हलायच्या आधीच माझे हलायचे. तो मान डोलवायचा आणि गाडी पुढे जायची.

घरात मी पुस्तकांची रांग लावली होती. मोठ्याने वाचून घ्यायची. बडबडगीतांच्या कॅसेट आणल्या होत्या. आणि गाताना, का कोण जाणे, तो एकदाही अडायचा नाही. टेपरेकॉर्डरपुढे बसून तो लांबच्या लांब गाणी एका दमात म्हणायचा. माझ्या नवऱ्याने, सदानंदने, त्यावरून आपलं मत कायम करून टाकलं होतं.

"गाताना बरं अडत नाही!" तो म्हणायचा. "म्हणजे जमतं त्याला. लक्ष देत नाही, एवढंच."

त्या संध्याकाळी मी सदानंदला स्क्रिप्ट दाखवली. त्याने ती चहा गार होईपर्यंत मन लावून वाचली.

"फारच छान आहे," तो म्हणाला. "पुष्करने बघायलाच हवं हे. गुंडूचं ऐकेल तो. आपलं ऐकत नाही."

आतल्या खोलीतून पुष्करचं गाणं ऐकू येत होतं. मी उठले, खिडकी लावली, परत उघडली. गॅसवर काही नव्हतं तरी स्वयंपाकघरात जाऊन आले. सदानंद म्हणाला, "तुला काय झालंय?" इतकी वर्षं या कार्यक्रमात मी काम करत होते. आमच्याकडे प्रत्येक अडचण शेवटच्या गाण्याच्या आत सुटायची, आणि मला ते आवडायचं. या वेळी मात्र त्या टाळ्या कानात खुपायला लागल्या.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आणखीच पंचाईत झाली. शाळा अर्धा दिवस होती आणि पुष्करला सांभाळणाऱ्या शेजारच्या आत्याबाई साताऱ्याला गेल्या होत्या. सदानंदच्या कारखान्यात पोराला नेण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याला स्टुडिओत घेऊन गेले. तो तर वाटच बघत होता. कित्येक महिने त्याला गुंडूला भेटायचं होतं.

"आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही," मी बजावलं.

त्याने मान डोलावली.

गुंडू टेबलावर चुरगळलेल्या मोज्यासारखा पडला होता. पुष्करचा चेहरा उतरला. ते बघून लताने पटकन हात घातला आणि गुंडू टुणकन उठून बसला, पुष्करला वाकून नमस्कार केला, वर त्याच्या नाकाला नाक लावलं. पुष्कर खुदकन हसला. मी त्याला कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसवलं आणि माईकपाशी गेले.

तालीम सुरू झाली. मैनाताईने विचारलं, काय आणू? मी आवाज चिरका केला आणि म्हटलं, "प-प-प-प-पतंग!" गुंडूचं तोंड भराभर उघडझाप झालं. कॅमेरामन फिसकन हसला. लाइटवाल्या पोरांनाही हसू आवरेना.

"क्या बात है!" खासनीस सर म्हणाले. "असंच. जरा अजून एकदोन 'प' टाका."

मी आणखी टाकले. हशा वाढला. स्टुलाकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. वाटत होतं, माईक सोडावा, पोराचा हात धरावा आणि सरळ रस्त्यावर यावं. पण पाय हलत नव्हते आणि तोंड आपलं काम करत होतं.

तालीम संपली तसे सर आनंदाने पुष्करकडे वळले. "काय राजे? आवडला का आमचा गुंडू?"

पुष्करने तोंड उघडलं आणि तो अडकला. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले, पाय आपटायला लागला. एक लाइटवाला अजून हसतच होता. त्याला वाटलं, पोरगा गुंडूची नक्कल करतोय. मग त्याचं हसणं मधेच थांबलं. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"आवडला म्हणतोय तो, सर," मी घाईघाईने म्हटलं. "पहिल्यांदाच आलाय ना, म्हणून जरा..."

पुष्करने जोरात मान हलवली. नाही.

"उज्ज्वला," टेबलाखालून लताचा आवाज आला. "थांब गो जरा."

मी थांबले. सगळेच थांबले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"ख..." पुष्कर म्हणाला. "खोटं. गुंडू खोटं अडकतोय."

खासनीस सर भले गृहस्थ होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालेलं स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी विषय बदलला नाही. ते स्टुलासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मग खरं कसं असतं रे? मला ठाऊक नाही. सांगतोस?"

पुष्करने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही.

"नुसतं प-प-प नसतं," तो म्हणाला. प्रत्येक वाक्याआधी थांबत, अडत, पण सांगत राहिला. "तोंड बंद होतं. उघडतच नाही. शब्द माहीत असतो मला. मग सगळे सांगायला लागतात."

"काय सांगतात?"

"शब्द. पण तो... माझा नसतो."

"मग तू काय करतोस?"

"हो म्हणतो."

पुष्करने बोट माझ्याकडे केलं. त्यात राग वगैरे काही नव्हता. उदाहरण द्यावं तसं तो म्हणाला, "जत्रेत मला पि... पिपाणी हवी होती. आई पिस्तूल म्हणाली."

ते पिस्तूल आमच्या कपाटात होतं. नवरात्राच्या जत्रेत मीच त्याच्या हातात दिलं होतं, टिकल्यांच्या डबीसकट. त्याने एकही टिकली वाजवली नव्हती. मला वाटायचं, आवाजाला घाबरत असेल.

खासनीस सर उठले. कागद गोळा करायला लागले. "हा सीन नको आज," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चूक झाली. जुना झाडांचा भाग आहे, तोच परत लावू."

"हो सर," मी लगेच म्हटलं. "नकोच."

"का?" पुष्कर म्हणाला.

मी त्याला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. तो ओढला जात होता आणि मागे वळून गुंडूकडे बघत होता.

"गुंडूला अडकू दे की," तो म्हणाला. "पण खरं."

"अरे, तुझ्या शाळेत दाखवतात हा कार्यक्रम. मुलं हसतील. तुला गुंडू म्हणतील."

त्याने विचार केला. "आत्ता प-प-पुष्कर म्हणतात," तो म्हणाला. "गुंडू चांगलंय."

हे मला माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी मी विचारायची, शाळेत काय झालं, आणि मीच सांगायची, मज्जा आली ना? तो हो म्हणायचा.

मी कठड्याला टेकले. खाली रस्त्यावर केळीवाला ओरडत होता. मी कोणाला वाचवत होते, पोराला की स्वतःला, ते मला धड कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की जन्मात पहिल्यांदा तो स्वतःच्या तोंडाने काहीतरी मागत होता आणि मी नाही म्हणत होते. मी त्याला घेऊन आत गेले आणि सरांना म्हटलं, "करू या."

मग त्या दुपारी जे चाललं ते मी आजही विसरलेले नाही. सरांनी पेन काढलं आणि मैनाताईचं 'सावकाश बोल' खोडलं. 'घाई करू नये' खोडलं. 'पतंग' खोडून 'पिपाणी' लिहिलं. पुष्करला विचारलं, "मैनाताई काय करेल मग?"

"काही नाही. थांबेल."

"आणि शेवटी टाळ्या?"

"कशाला टाळ्या?" लता म्हणाली. "पिपाणी मागितली त्याने. ती आणून द्यायची."

सर बेचैन झाले होते. त्यांना शांतता खटकत होती. "टीव्हीवर इतका वेळ आवाज आला नाही तर लोक उठून टीव्हीला थापटा मारतात हो," ते म्हणाले. तरी त्यांनी ती ठेवली.

मी माईकपुढे बसले. 'प' साठी ओठ मिटले आणि ते तसेच घट्ट दाबून धरले, पुष्करने दाखवले होते तसे. आत श्वास कोंडला. छाती भरून आली. शब्द अगदी दाताशी होता आणि त्याला बाहेर येऊ द्यायचं नव्हतं. तिकडे लताच्या हातात गुंडूचं मिटलेलं तोंड थरथरत होतं. त्याने मैनाताईवरची नजर काढून दुसरीकडे वळवली, जशी पुष्कर वळवायचा. लताने ते कधी टिपलं कोण जाणे. मैनाताई मान कलती करून नुसती उभी. मला वाटत होतं, कोणीतरी हे संपवा. कोणीतरी म्हणा तो शब्द. एकदा श्वास सोडला, पुन्हा ओठ मिटले, पुन्हा अडकले.

"पिपाणी," गुंडू म्हणाला.

"बरं," मैनाताई म्हणाली. "पिपाणी."

"कट," सर अगदी हळू म्हणाले. पुष्कर स्टुलावरून उतरला आणि त्याने गुंडूच्या पाठीवर थोपटलं.

घरी आल्यावर मी सदानंदला सगळं सांगितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे शेवटपर्यंत तो सुधारत नाही?"

"नाही."

"मग मुलं यातून शिकणार काय?"

पुढचे दिवस ते एकच वाक्य माझ्या मागे लागलं. वरच्या साहेबांनी टेप बघितली आणि विचारलं, मधे आवाज गेलाय का? सरांनी सांगितलं, गेलेला नाही, तसंच आहे. मला आशा वाटत होती की ते अडवतील. त्यांनी अडवलं नाही. प्रक्षेपणाचा दिवस ठरला आणि माझी झोप उडाली. आपण आपल्या हाताने पोराला साऱ्या शाळेपुढे उभं केलंय, असं वाटायला लागलं.

त्या सकाळी मला घरात बसवेना. आमच्याकडे टीव्ही होता, तो लावून बघता आला असता. पण गुंडूला बघायचं नव्हतंच मला. मी पुष्करचा डबा मुद्दाम ओट्यावर राहू दिला आणि तो द्यायच्या निमित्ताने शाळेत गेले.

शाळेचा टीव्ही हॉलमध्ये होता, लाकडी कपाटात, कुलपात. त्याच्या वर्गाच्या दिघेबाईंनी कुलूप काढलं, दारं उघडली, मुलं जमिनीवर दाटीवाटीने बसली. मी बाहेर व्हरांड्यात खिडकीच्या कडेला उभी राहिले. पुष्कर मधल्या रांगेत होता. मला त्याची मान दिसत होती.

गुंडू आला तशी मुलं खिदळली. गुंडू त्यांचा लाडका होता. त्याने उड्या मारल्या, पोरांनी बसल्या जागी मारल्या. मग मैनाताईने विचारलं, "गुंडू, जत्रेतून तुला काय आणू?"

गुंडूने तोंड उघडलं. "प..." आणि ते मिटलं.

हॉल शांत झाला. मग कोणीतरी म्हणालं, "बाई, आवाज गेला!" दिघेबाई उठून टीव्हीजवळ गेल्या, बटण फिरवून बघितलं. तेवढ्यात एक मुलगा ओरडला, "गेला नाही! अडकलाय तो! पुष्करसारखा!"

सगळी डोकी वळली. हसू उसळलं. डब्याची कडी माझ्या बोटांत रुतत होती. मी आत शिरणार होते. खरंच एक पाऊल टाकलंही होतं.

मग मुलांना खेळच मिळाला. "पतंग!" "पेढा!" "पोपट!" "पिस्तूल!" सगळा हॉल गुंडूला शब्द पुरवायला लागला. दिघेबाईसुद्धा प्रेमाने म्हणाल्या, "पेरू म्हणायचंय वाटतं त्याला." पडद्यावर गुंडू थरथरत होता, नजर चुकवत होता, आणि मैनाताई काहीच करत नव्हती.

पुष्कर उभा राहिला.

वर्गात तो कधी उभा राहायचा नाही. हजेरीला बसूनच हात वर करायचा, बाईंनी ते चालवून घेतलं होतं. आता तो उभा होता आणि त्याचा पाय जमिनीवर आपटत होता. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. पडद्यावर एक अडकलेला आणि हॉलमध्ये एक. कोणाकडे बघावं हे पोरांना कळेना. आरडाओरडा आपोआप कमी होत गेला.

"थ... थांबा!" पुष्कर ओरडला. "त्याला सांगू दे!"

मी खिडकीचा गज धरला. हॉलमध्ये चिडीचूप शांतता पसरली. दिघेबाईंचा हात टीव्हीच्या बटणापाशी तसाच राहिला. आणि ती सगळी मुलं, थोडी पुढे झुकून, त्या मखमली बेडकाचं तोंड उघडण्याची वाट बघत बसली.

"पिपाणी," गुंडू म्हणाला.

"पिपाणी!" सगळा हॉल किंचाळला. कोणालाच ओळखता आलं नव्हतं. कोणी तोंडाने पिपाणी वाजवायला लागलं, कोणी शेजाऱ्याच्या कानात. बाई हसू दाबत "शूऽऽ" करत राहिल्या.

पुष्करचं अडखळणं गेलं नाही. आज तो चाळिशी ओलांडून गेलाय, अजून अडतो. गुंडू हे नाव त्याला चिकटलं ते शाळा संपेपर्यंत सुटलं नाही, आणि त्याचे जुने मित्र अजूनही फोनवर त्याच नावाने हाक मारतात. सदानंदच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी घरी जाऊन दिलं. जे ऐकलं तेच त्याला जसंच्या तसं सांगितलं.

पुष्कर खाली बसला तेव्हा त्याच्या शेजारची दोन वेण्यांची मुलगी त्याच्याकडे वळली होती. तो सारा गलका चिरून तिचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"तुला माहीत होतं का रे, तो काय म्हणणार ते?"

पुष्करचे ओठ मिटले. ती मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने काही सुचवलं नाही, नजर वळवली नाही. मीही बाहेर तशीच उभी राहिले.

"म... माहीत होतं," तो म्हणाला. "पण शब्द त्याचा होता. म्हणून तर थांबा म्हटलं."